सीडीवर ठेवलेला हिशेब किती वर्षे टिकतो?

दुकानाची खतावणी, उधारीच्या नोंदी, मागावरच्या नक्षीचे नमुने, घराची कागदपत्रे! अनेक व्यापारी व कारागीर बंधूंनी हे सारे सीडी-डीव्हीडीवर उतरवून कपाटात ठेवले आहे. परंतु एकदा उतरवले की कायमचे झाले, हा समज चुकीचा आहे.

कारखान्यात छापलेल्या सीडीत माहिती प्लॅस्टिकमध्येच उमटवलेली असते. आपण संगणकावर भरतो त्या सीडीत मात्र रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लेसर तो जागोजागी बदलून माहिती लिहितो. त्याच्या पाठीमागे चकाकता धातू असतो. ऊन व उष्णतेने रंगद्रव्य बिघडते, तर दमट हवेने चांदीचा थर काळवंडतो. सोन्याचा थर गंजत नाही, म्हणून तशी सीडी अधिक टिकते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत उत्पादकांचे अंदाज दिले आहेत. एकदाच लिहिता येणारी तबकडी १०० ते २०० वर्षे, पुन्हा पुन्हा लिहिता येणारी २५ वर्षे किंवा अधिक. हे अंदाज उत्तम जपणूक गृहीत धरून आहेत. कोरी सीडी मात्र ५ ते १० वर्षांतच वापरावी, असे तीच मार्गदर्शिका सांगते.

जपणुकीचे नियम :

१) तबकडी डबीत उभी ठेवावी, ऊन व ओल लागू देऊ नये.
२) सीडीच्या नावाच्या बाजूस फक्त लाखेचा पातळ लेप असतो. तिथे चिकटपट्टी लावू नये, बॉलपेनने लिहू नये.
३) पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे सरळ फिरवावे, गोल नव्हे.

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. त्या मुदतीत तपासणी आली आणि सीडी उघडलीच नाही, तर दाखवायचे काय?

शिवाय तबकडी शाबूत राहिली, तरी ती वाचणारे यंत्र हवे. नव्या लॅपटॉपमध्ये ते बहुधा नसते. सोनीने तर फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादनच थांबवले.

म्हणून यंत्र हाताशी आहे तोवर जुन्या सीडी उघडून पाहाव्यात. त्यातील माहिती हार्ड डिस्कवर घ्यावी, दुसरी प्रत दुकानाबाहेर ठेवावी आणि वर्षातून एकदा दोन्ही प्रती तपासाव्यात.