१,६०० मीटरचं जहाज ४० सेंटिमीटरांत

१९७७च्या ‘स्टार वॉर्स’च्या सुरुवातीला सगळा पडदा व्यापत डोक्यावरून सरकतं ते स्टार डिस्ट्रॉयर हे अंतराळजहाज. कथेत त्याची लांबी १,६०० मीटर. चित्रीकरणातलं मॉडेल होतं जेमतेम ९१ सेंमीचं. ते अवाढव्य भासतं ते अंगावरच्या अतिबारीक तपशिलांमुळे. आपलं मॉडेल १:४००० प्रमाणात, ४० सेंमीचं. म्हणजे १ मिमी बरोबर ४ मीटर. हा एक हिशेब शेवटपर्यंत सोडू नका. पाचरीसारखा हा आकार सपाट पत्र्यांचाच असल्यामुळे शीटमधून पहिलं मॉडेल करणाऱ्यालाही तो झेपतो.

साहित्य

- पॉलिस्टायरिनची (एचआयपीएस) पांढरी शीट: ०.२५, ०.५, १ आणि १.५ मिमी. सनबोर्ड घेऊ नका. तो पीव्हीसीचा असतो.
- पॉलिस्टायरिनचं पातळ सिमेंट, बारीक ब्रश
- कटर, स्टीलची पट्टी, गुण्या, कटिंग मॅट
- मॉडेल पुट्टी, ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर
- करडा प्रायमर, ॲक्रिलिक रंग
- जुन्या मॉडेल किटमधले उरलेले भाग

कृती

१. कापणी. पट्टीला धरून कटर हलक्या हाताने दोन-तीनदा ओढा. शीट आरपार कापायची नाही. खाच वरच्या बाजूला ठेवून दोन्ही कडा खाली दाबा. शीट खाचेवर सरळ तुटते. कडेला उरलेला कंगोरा पॉलिश पेपरने काढा.

२. सांगाडा. जहाजाचे वरचा आणि खालचा असे दोन सारखे भाग करायचे आहेत. प्रत्येकासाठी १ मिमी शीटचा ४० सेंमी लांब, मागे २४ सेंमी रुंद त्रिकोणी तळ कापा. मधोमध १.५ मिमीचा कणा उभा करा: मागे ४ सेंमी उंच, टोकाकडे शून्यावर येणारा. टोकापासून १०, २० आणि ३० सेंमीवर कण्याच्या दोन्ही बाजूंना काटकोन त्रिकोणाच्या फासळ्या लावा: ३×१, ६×२ आणि ९×३ सेंमी. मागची भिंत तशाच १२×४ सेंमीच्या दोन तुकड्यांची. प्रत्येक फासळी गुण्याने तपासा. इथला तिरकेपणा पुढे लपवता येत नाही.

३. हवेची भोकं. प्रत्येक फासळीला आणि मागच्या भिंतीला ३ मिमीचं भोक पाडा. सिमेंटची वाफ आत कोंडली, तर वरचे पत्रे काही दिवसांनी मऊ पडून वाकतात.

४. वरचे पत्रे. उतरत्या पत्र्याची मापं तळावरून घेऊ नका. उतारामुळे बाजू लांबतात. १ मिमी शीटचे ४०.२, ४१.८ आणि १२.६५ सेंमी बाजूंचे चार त्रिकोण कापा. डाव्या-उजव्यासाठी तोच त्रिकोण उलटवला की झालं. आधी सुकेच बसवून पाहा. मग सांधा बोटांनी दाबून धरा आणि सिमेंटने भिजलेला ब्रश नुसता टेकवा. सिमेंट फटीत आपोआप ओढलं जातं. खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत नको. रात्रभर वाळू द्या.

५. कडेचा चर. दोन्ही तळांमध्ये कडेपासून ४ मिमी आत ६ मिमी उंचीच्या पट्ट्या लावायच्या आहेत. ही उंची २४ मीटर, म्हणजे सुमारे आठ मजले. पट्ट्यांवरचे तपशील आधी चिकटवा. दोन्ही भाग जुळल्यावर आत बोट जात नाही.

६. मनोरा आणि इंजिनं. मागच्या अर्ध्या भागावर पायऱ्यापायऱ्यांची बांधणी, त्यावर नियंत्रण मनोरा आणि त्याच्या माथ्यावर मण्यांचे दोन गोल. मागे तीन मोठी आणि चार छोटी इंजिनं.

७. तपशील. ०.२५ मिमी शीटचे छोटे आयत पत्र्यांवर चिकटवा; त्यांची जाडीच १ मीटर होते. चरात आणि मनोऱ्याभोवती किटमधले भाग दाट बसवा. चित्रपटाच्या कारागिरांनीही रणगाड्यांच्या किटमधले तुकडे असेच वापरले होते. मात्र चाक किंवा शिडी ओळखू आली की प्रमाण कोसळतं. असे भाग कापून, उलटे करून लावा. उतारांवर मोकळी जागा राखा, म्हणजे दाटी उठून दिसते.

८. रंग. प्रायमरचा पातळ थर द्या. उरलेल्या फटी आता दिसतील. पुट्टी भरा, घासा, पुन्हा प्रायमर मारा. त्यावर फिकट करडा रंग. काही आयत जेमतेम वेगळ्या छटेत रंगवा. गडद करडा रंग खूप पातळ करून खाचांत सोडा आणि वरचा पुसून घ्या.

शेवटी फोनचा कॅमेरा जहाजाच्या टोकाशी, अगदी खालून लावून फोटो काढा. फोटोत जो तुकडा खेळण्यातला वाटेल तो प्रमाणापेक्षा मोठा आहे असं समजा. तो काढा, लहान करा आणि पुन्हा बसवा.