पहिल्या वर्षी एम-वनला जपा

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश पक्का झाला की घरात नवा घोर लागतो, आता क्लास कोणता लावायचा? कॉलेज उघडायच्या आत एआयच्या कोर्सची फी भरून बसलेले पालक मला भेटतात. त्यांची काळजी खरी आहे, पण पैसा चुकीच्या जागी जातो.

पुणे-मुंबईकडे पहिलं वर्ष सगळ्या शाखांना बऱ्याच अंशी सारखंच असतं. मेकॅनिक्स, ग्राफिक्स आणि एम-वन म्हणजे पहिलं गणित यांचा आपल्या शाखेशी संबंध काय, असं म्हणत मुलं ते मागे टाकतात आणि केटी लागते, म्हणजे नापास झालेला विषय पुन्हा द्यावा लागतो. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स समोर येतं, तेव्हा संध्याकाळचा वेळ जुन्या पेपरमागे जातो. शिवाय कॅम्पसला येणाऱ्या अनेक कंपन्या केटी शिल्लक असलेल्यांना बसूच देत नाहीत.

एम-वनमधल्या मॅट्रिक्स आणि आयगेन व्हॅल्यूज घ्या. 1998 मध्ये गूगलच्या संस्थापकांनी मांडलेली, वेबपानांचा क्रम लावणारी पेजरँक पद्धत याच गणितावर उभी आहे. न्यूरल नेटवर्कच्या पोटातही मुख्यतः मॅट्रिक्सचे गुणाकारच चालतात. म्हणून ज्याला एआयकडे जायचंय, त्याने हे प्रकरण हाताने सोडवावं, आणि मग तोच गुणाकार तीन लूप वापरून स्वतः लिहावा. एका संध्याकाळचं काम आहे, पण पुढे फार उपयोगी पडतं.

प्रोग्रामिंगची भाषा एकच धरा, कॉलेजात असेल ती. सी असेल तर पॉइंटर्स टाळू नका, दुसऱ्या वर्षीची लिंक्ड लिस्ट त्यावरच चालते. रिकर्शन कागदावर, न बघता लिहिता आलं की दुसरी भाषा शिकायला वेळ लागत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत डिस्क्रीट मॅथ्सला हात घाला. एनपीटीईएल या ऑनलाइन व्यासपीठावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, पैसे फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला लागतात. त्यातलं इंडक्शन नीट कळलं की रिकर्शनची भीती जाते, कारण दोन्हींमागचा विचार एकच आहे.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. त्यांचं पहिल्या वर्षाचं गणित झालेलंच नसतं आणि एम-थ्री मात्र लगेच समोर येतं. त्यांनी निकालाची वाट न बघता डिप्लोमाची शेवटची परीक्षा संपताच एम-वन, एम-टूची पुस्तकं आणावीत आणि इंटिग्रेशन व डिफरन्शियल इक्वेशन्सपासून सुरुवात करावी.