आजीच्या अंगठ्याचा शिक्का

आई-बाबांनो,

थंडी पडली, पुण्या-मुंबईच्या गाड्या पक्षी बघायला भिगवणच्या वाटेला लागल्या, की एक गोष्ट तुम्हीही पाहिली असेल. डिकसळला, कुंभारगावला नावेत बसलेल्या पाहुण्यांच्या गळ्यात दुर्बीण असते आणि मांडीवर छोटीशी वही. रोहित पक्षी दिसला की वहीत तारीख पडते. चित्रबलाक दिसला की त्याच्या नावापुढे खूण. एखादा पक्षी राहून गेला तर त्याच्यासाठी हीच माणसं पुढच्या वर्षी पुन्हा येतात. हातात वही असली की माणूस नीट बघतो आणि परत येतो.

आज तुमच्याशी बोलायचंय ते अशाच एका वहीबद्दल, मुलांच्या संग्रहालय-पासपोर्टबद्दल.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांनी १९८६ साली अशी पुस्तिका काढली. ज्या उद्यानात जाल तिथला तारखेचा शिक्का तिच्यात मारून मिळतो. जपानमध्ये रेल्वे स्टेशनांवर असे शिक्के ठेवलेले असतात आणि पोरं वही घेऊन उतरतात. पुढे कितीतरी शहरांतल्या संग्रहालयांनी मुलांसाठी हीच युक्ती उचलली : एक पुस्तिका, दर संग्रहालयाला एक पान, जाऊन आलं की शिक्का. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. मोरगाव आपल्या बारामती तालुक्यात, सिद्धटेक भीमेच्या काठी. अष्टविनायकांतले पाच झाले की उरलेल्या तिघांची कशी ओढ लागते, ते आपल्या घरांना कुणी शिकवावं लागत नाही.

आता माझी एक चूक सांगते. मुलाला पहिल्यांदा पुण्याला संग्रहालयं दाखवायला नेलं, तेव्हा तो सात वर्षांचा होता. जातोच आहोत तर सगळं उरकू, म्हणून एका दिवसात तीन ठिकाणं ठरवली. तो एखाद्या काचेपुढे थांबला, की मी हात ओढायची. ‘चल, वरचा मजला राहिलाय अजून.’ येताना एसटीत विचारलं, ‘काय काय पाहिलंस, सांग बरं.’ तो खिडकीकडे तोंड करून गप्प बसला. काय सांगणार? मी त्याला काही पाहूच दिलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही पासपोर्ट केला. जुन्या वह्यांची कोरी पानं दोऱ्याने शिवली, वर जाड पुठ्ठा लावला, आत त्याचा फोटो आणि त्याची स्वतःची सही. आठ पानं. दर पानावर चारच गोष्टी : तारीख, ठिकाण, आवडलेल्या एका वस्तूचं चित्र आणि मनात आलेला एक प्रश्न. सगळीकडे शिक्का मिळेलच असं नाही. मग तिकीट चिकटवायचं आणि घरी आल्यावर भेंडी आडवी कापून, रंगात बुडवून ठसा उमटवायचा. भेंडीचा ठसा कुठल्या पोराला येत नाही?

पहिलं पान मात्र घरातच भरलं, सासूबाईंच्या ट्रंकेपाशी. त्यांचं सासरचं जुनं गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. धरण १९८० साली पूर्ण झालं, पण माणसं त्याआधीच उठली होती. तेव्हा डोक्यावर आलेल्या त्या ट्रंकेत एक पितळी मापटं आहे. नातवाला पुढ्यात बसवून त्यांनी ज्वारी मोजून दाखवली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पोरगं तासभर जागचं हललं नाही. संग्रहालय म्हणजे काय, ते त्याला तिथेच कळलं. कुणीतरी जपून ठेवलं म्हणून आज आपल्याला बघायला मिळतंय.

दुसरं पान पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचं. या वेळी सासूबाईंनाही बरोबर घेतलं. दिनकर केळकर हे चष्म्यांच्या व्यवसायातले गृहस्थ. १९२०च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पत्नी कमलाबाईंसह गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्यं, कोरीव दरवाजे गोळा केले. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. आणि वीस हजारांच्या आसपास वस्तूंचा तो संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाला, म्हणजे तुम्हा-आम्हाला देऊन टाकला.

तिथे वजरीच्या काचेपुढे सासूबाई थबकल्या. टाच घासायच्या पितळी वजऱ्या, वर पशुपक्ष्यांचे आकार, खाली खरबरीत. ‘अगं, अशीच होती आमच्या न्हाणीत,’ त्या म्हणाल्या आणि काचेबाहेर उभ्या राहून हवेतच टाच घासून दाखवली. शेजारची दोन अनोळखी पोरंही बघायला थांबली. त्या दिवशी आम्ही दोनच दालनं पाहिली. मुलाने वजरीचं चित्र काढलं आणि खाली प्रश्न लिहिला : ‘आजीची वजरी आता पाण्याखाली असेल का?’

मला उत्तर देता आलं नाही. देऊही नये, असं आता वाटतं. आपल्यातले कितीतरी आई-बाप संग्रहालयाच्या दारातच बुजतात. ‘आपल्याला काय त्यातलं कळतंय? पोरानं विचारलं तर काय सांगायचं?’ अहो, ‘मलाही माहीत नाही, चल वाचून बघू’ एवढं म्हणता आलं तरी पुरे. आपली आई आपल्याबरोबर शिकतेय, याचा पोराला जो आनंद होतो, तो कुठल्याही माहितीपेक्षा मोठा असतो. घरी आल्यावर परीक्षा घेऊ नका. ‘काय शिकलास?’ विचारण्यापेक्षा ‘पुन्हा बघायला गेलो तर कशापुढे थांबशील?’ असं विचारा.

पुढची पानं कोणती? येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात इनामगावच्या वस्तू आहेत. इनामगाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. त्या घोडचं पाणी भीमेला मिळून आपल्याच उजनीत येतं. १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उत्खनन केलं. तीन हजार वर्षांहून जुन्या त्या गावात माणसं सातू पिकवत होती आणि शेताला पाणी द्यायला त्यांनी पाटही खणला होता. उसाला पाटाचं पाणी देणाऱ्या बापाच्या पोराला हे सांगून बघा, ते आपल्या रानाकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागेल. औंध आपल्याला फलटणमार्गे गाठता येतं. तिथलं श्रीभवानी संग्रहालय बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलं. राजा रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं ‘माता आणि बालक’ हे शिल्प सातारा जिल्ह्यातल्या एका गावात बघायला मिळतं, हे किती जणांना ठाऊक आहे? दिवाळीच्या सुट्टीत मुंबई जमली, तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुलांसाठी वेगळं संग्रहालयच आहे. त्यांची फिरत्या संग्रहालयाची बसही गावोगाव जाते. आपल्या शाळेसाठी त्यांना पत्र पाठवा, असं मुख्याध्यापकांना आपण सगळ्यांनी मिळून सांगू या.

निघण्याआधी फोन करून वेळ विचारा, सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात. एका दिवशी एकच ठिकाण, तेही दीड-दोन तास. डबा बरोबर घ्या. वर्षाला दोन पानं भरली तरी चार वर्षांत पासपोर्ट पुरा होतो. सुरुवात कधी करायची, तर १८ मे आहेच. १९७७ पासून तो दिवस जगभर संग्रहालय दिन म्हणून पाळतात आणि आपल्या पोरांना तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते.

आमचं तिसरं पान ठरवलं नव्हतं, ते आपोआप आलं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरलं आणि पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडलं, तसे आम्ही तिघं बघायला गेलो. भेगाळलेल्या गाळातून सासूबाई जपून चालत होत्या. ‘इथून बैलगाड्या जायच्या,’ म्हणत त्या बोट दाखवत होत्या आणि मुलगा पासपोर्ट मांडीवर घेऊन मंदिराचं शिखर काढत होता. चित्र झाल्यावर तो म्हणाला, ‘इथं तिकीट नाही, शिक्का कुणाचा घ्यायचा?’ मग त्यानेच कंपासपेटीतली शाई काढली आणि आजीचा अंगठा पानावर उमटवून घेतला.

मधल्या काळात मुंबईचं पान भरलं, औंधचं भरलं. पण घरी पाहुणे आले की तो पासपोर्ट उघडतो, तो त्या पानावर.

तुमच्या घरी पहिलं पान कुणाच्या ट्रंकेपाशी भरायचं, ते आज रात्री जेवताना पोरांनाच विचारा.