फुंकू नकोस, ओढून घे

अगं छोटे,

परवा फोनवर बोलताना तू तीनदा खोकलीस. विचारलं तर म्हणालीस, "काही नाही ताई, ड्रिल मशीनवर गन मारली आत्ताच." तेव्हाच ठरवलं, हे सविस्तर लिहायचं. रोहण्यासारख्या गावात आयटीआय करून मुलीनं स्वतःचं वर्कशॉप टाकावं, याचं मला किती कौतुक आहे ते तुला माहीत आहे. म्हणून रागावत नाही. पण ऐक.

आजीची फुंकणी आठवते? चुलीत जोरात फुंकलं की जाळ पेटायचा आणि राख आपल्याच डोळ्यांत यायची. हवेच्या गनचंही तेच. लोखंडाचा कीस टेबलावरून उडतो, पण जातो कुठे? बेअरिंगमध्ये, वेल्डिंगच्या खोक्यात, तुझ्या छातीत. मी शिकाऊ होते तेव्हा असाच एक कण माझ्या डोळ्यात रुतला. डॉक्टरांनी काढला, पण आठवडाभर पट्टी होती. कंप्रेसर काही बंद करू नकोस. त्याच हवेनं कचरा ओढून घे.

हवा सोडून ओढ कशी लागते, असं वाटेल. डासांच्या औषधाचा जुना हातपंप आठव. दांडा रेटला की बारीक नळीच्या तोंडावरून हवा वेगानं जायची आणि खालचं औषध आपोआप वर चढायचं. वेगानं सुटलेली हवा आजूबाजूची हवा सोबत खेचून नेते, मागे दाब कमी होतो, तिथून ओढ लागते. व्हेंचुरी नावाच्या इटालियन प्राध्यापकानं अरुंद वाटेतून जाणाऱ्या प्रवाहाचा अभ्यास 1797 साली छापला; त्याचंच नाव आपण अजून घेतो. आणि घर झाडायच्या व्हॅक्यूमची गोष्टही आपल्यासारखीच. 1901 साली लंडनच्या ह्यूबर्ट बूथनं धूळ फुंकून उडवणारं यंत्र पाहिलं. त्याला वाटलं, हे उलटं करायला हवं. हॉटेलात खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, तोंड लावून ओढलं. ठसका लागला, पण रुमालाखाली काळा डाग उमटला. पुढचं यंत्र त्या डागातून निघालं.

आता तुझं यंत्र. हार्डवेअरमधून पाइप जोडायचा एक इंची टी आण. टीच्या सरळ वाटेच्या एका टोकाला रिड्यूसर लावून त्यातून पितळी निपल आत घाल. निपलच्या बाहेरच्या टोकाला कंप्रेसरची नळी जोड; आतल्या टोकाला बूच बसवून बरोबर मधोमध दीड मिलिमीटरचं भोक पाड. हे टोक आडव्या तोंडाच्या जरासं पुढे गेलं पाहिजे आणि पाइपाच्या अगदी मध्यावर हवं. तिरकं बसलं तर ओढ लागत नाही. समोरच्या टोकाला वीतभर सरळ पाइप, त्यावर जुन्या जीन्सचा एक पाय क्लिपनं बांध, खालून शिवून टाक. आडव्या तोंडाला लवचीक नळी. झालं. नळीवर तळहात ठेव आणि हवा सोड. हात चिकटला तर जमलं. उलट वारा लागला तर पिशवी तुंबली आहे किंवा टोक मागे राहिलं आहे; टोक थोडं थोडं पुढेमागे करून बघ.

भोक मोठं करायचा मोह होईल, तो आवर. 85-90 पाउंड दाबाला दीड मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला 125 ते 150 लिटर हवा जाते; दोन मिलिमीटर केलंस की 250च्या आसपास. तुझा 1 एचपीचा कंप्रेसर तेवढी भरू शकत नाही. दहा सेकंद ओढ, थांब, टाकी भरू दे. खरं सांगू? विजेच्या हिशोबात हे महागच पडतं. अख्खी खोली झाडायला झाडूच बरा. हे यंत्र टी-स्लॉट, बेअरिंगची बैठक, शिलाई मशीनच्या शटलमधली कापसाची लव, अशा बोट न पोहोचणाऱ्या जागांसाठी.

आणि चार गोष्टी गाठीला बांध. दाबाच्या बाजूला प्लास्टिकचा पाइप नको, तो फुटला की तुकडे गोळीसारखे सुटतात. पेट्रोल, थिनर किंवा वेल्डिंगची गरम ठिणगी ओढायची नाही; पिशवी पेटेल. ब्रेक लायनिंगची धूळ कापडातून पार होते, ती ओलं फडकं लावून पूस. आणि गन अंगावर, कपड्यांवर कधीच नाही. अमेरिकेतल्या कारखान्यांत सफाईच्या हवेला 30 पाउंडांची मर्यादा घातलेली आहे, तीही उडणारे कण अडवायची सोय आणि डोळ्यांवर चष्मा असेल तरच.

अशी ओढ तुला नवी नाही; आपल्या जिल्ह्यातल्या जिनिंगमध्ये कापूस पाइपातून ओढून नेतात, तू पाहिलंच आहेस. कापसावरून आठवलं: 1929 साली अखिल भारत चरखा संघानं चांगल्या चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं, त्याच्या अटी मला फार आवडतात: किंमत दीडशे रुपयांच्या आत, बाईला आठ तास दमछाक न होता चालवता यावा, वेळेवर दुरुस्ती केली तर वीस वर्षं टिकावा. तुझ्या यंत्रालाही हीच कसोटी लाव. पार्ट गावातल्या दुकानात मिळाला पाहिजे, तुलाच उघडता आला पाहिजे, आणि तुझ्या हाताला जड व्हायला नको.

उद्या आर्वीला जाशील तेव्हा टीच्या आधी चष्मा घे. पैसे मी पाठवते. टी नंतरही मिळेल.

तुझी,
ताई