पेट्रोलच्या जीपला डिझेलचे इंजिन

(इयत्ता ७ वी)

आमच्या गोठ्यात वैरणीच्या शेजारी एक जुने इंजिन पडले आहे. त्यावर कोंबड्या बसतात. ते आमच्या आबांच्या जीपचे पेट्रोलचे इंजिन. गुरुजींनी "घरातल्या एखाद्या यंत्राची माहिती लिहून आणा" असे सांगितले, तेव्हा मी आबांना विचारले. आबा एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत, म्हणून ही माहिती लिहून घ्यायला तीन संध्याकाळी लागल्या.

आबांची जीप विलीज बनावटीची होती. अशा जीपगाड्या स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईच्या महिंद्र कंपनीने आपल्याकडे जोडायला सुरुवात केली. आबांनी तिच्या मागे हौदा बसवून घेतला होता आणि त्यातून ते गावचा कांदा सोलापूरच्या मार्केट यार्डात नेत. १९७३ साली अरब-इस्राएल युद्ध झाले आणि थोड्याच महिन्यांत जगात खनिज तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. पेट्रोल महागले ते महागलेच. डिझेल तेव्हा पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते, शिवाय तेवढ्याच डिझेलमध्ये गाडी जास्त पळते. (आता दोन्हींच्या भावात तेवढे अंतर राहिलेले नाही.) म्हणून पुष्कळ लोकांनी जुन्या जीपगाड्यांची पेट्रोल इंजिने उतरवून डिझेलची बसवली. आबांनीही आजीच्या पाटल्या गहाण ठेवून, अपघातात मोडलेल्या एका मिनी ट्रकचे डिझेल इंजिन विकत घेतले. माझे बाबा तेव्हा दुसरीत होते.

मग आबांनी नुसते टाकीत डिझेल का नाही ओतले? मीही हेच विचारले. आबा हसले आणि म्हणाले, "सायकलीत हवा भर जा, मग ये." मी भरून आलो. पंपाचा खालचा भाग गरम लागत होता. हवा दाबली की तापते, बरे का! पेट्रोलच्या इंजिनात कार्ब्युरेटरमधून हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत येते, ते साधारण सातव्या भागात दाबले जाते आणि प्लगची ठिणगी पडून पेटते. डिझेलच्या इंजिनात आत येते ती नुसती हवा. ती जवळजवळ विसाव्या भागात कोंबली जाते, त्यामुळे पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते. त्याच वेळी पंप नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा मारतो आणि डिझेल आपोआप पेट घेते. तेथे प्लगची ठिणगी लागत नाही. पण एवढा दाब सोसायचा म्हणून इंजिनाचे सगळे भाग जाड आणि जड करावे लागतात.

ही युक्ती रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरची. त्याचे इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे यशस्वी झाले. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात तर असे एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. आपल्या सोलापूरकडे शेंगांची चटणी होते, तिकडे त्या तेलावर इंजिन चालले!

आता थोडे गणित. आबांनी आणलेले इंजिन फ्रान्सच्या प्युजो कंपनीच्या नमुन्याचे होते. त्याचा परवाना महिंद्रने १९७९ मध्ये घेतला होता. त्याला चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९ सेंटिमीटर आणि दट्ट्याची चाल ८.३ सेंटिमीटर. वृत्तचितीच्या सूत्राने ३.१४ × ४.५ × ४.५ × ८.३ × ४ म्हणजे सुमारे २१११ घन सेंटिमीटर येतात. पुस्तकात २११२ दिलेले असते. जुने पेट्रोल इंजिन २१९९ चे. म्हणजे आकारमान जवळजवळ सारखेच, म्हणून आबांना वाटले की हे काढले, ते बसवले, झाले काम.

तसे झाले नाही. चेनकप्पीने जुने इंजिन वर काढायला अर्धा दिवस लागला, नवे बसवायला पंधरा दिवस. गिअर बॉक्सची आणि इंजिनाची बोल्टांची भोके जुळेनात. सोलापुरात लेथवर लोखंडी प्लेट करून ती मध्ये घालावी लागली. प्लेट केसभर तिरकी बसली तरी क्लच लवकर खराब होतो, म्हणून मिस्त्रींनी ती तीनदा उतरवली. इंजिनाच्या जागेचे रबर आणि पाये बदलले. रेडिएटर मोठा, बॅटरी मोठी. डिझेल फार स्वच्छ लागते म्हणून फिल्टर, आणि नोझलमधून उरलेले डिझेल टाकीत परत जायला वेगळी नळी. नळीत हवा राहिली तर इंजिन चालू होत नाही, ती पंपावरचा स्क्रू सैल करून काढतात. सर्वात गंमत म्हणजे किल्ली काढली तरी हे इंजिन बंदच होईना! त्याला ठिणगी नाही, मग बंद काय होणार? डिझेल तोडायला एक ओढायची तार बसवली, तेव्हा ते थांबले. जड इंजिनामुळे पुढच्या स्प्रिंगा बसल्या, म्हणून जादा पाटे घातले आणि ब्रेकही नीट करून घेतले.

एवढे करूनही एक गोष्ट राहिली. परतीच्या पावसात आबा कांदा घेऊन रात्री सोलापूरला निघाले, शेजारी बाबा. मोहोळच्या पुढे पाऊस आला आणि वायपर हलेना. जुन्या जीपचा वायपर विजेवर नव्हे, पेट्रोल इंजिन हवा ओढते त्या ओढीवर चालतो. डिझेलच्या इंजिनात तशी ओढ नसते. हे ना मिस्त्रींच्या ध्यानात आले, ना आबांच्या. समोरून मोठमोठे ट्रक येत होते. थांबावे तर कांदा भिजून सडणार आणि पाटल्या गहाणच राहणार. वायपरला आतून हाताने हलवायचा एक छोटा दांडा होता. आबा म्हणाले, "हलव रे, थांबू नको, मी रस्ता बघतो." बाबांनी यार्ड येईपर्यंत तो हलवला. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांना पाटीवर लिहिता येईना. नंतर विजेचा वायपर बसवला.

पालकांसाठी एक गोष्ट आजीने मुद्दाम लिहायला सांगितली आहे. गॅरेजवाले म्हणाले होते, "नोंद मागाहून बघू." आजी ऐकेना. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे इंजिन बदलले तर आर.टी.ओ.ची मंजुरी आणि आर.सी. बुकात नोंद लागते. नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचे पैसेही अडू शकतात. आबा दोन दिवस आर.टी.ओ.त उभे राहिले. साहेबांनी इंजिनाचा नंबर कागद ठेवून पेन्सिलने उमटवून घेतला. तो कागद आजीच्या ट्रंकेत अजून आहे.

२००५ मध्ये टाटांचा छोटा हत्ती कारखान्यातूनच डिझेल इंजिन घेऊन आला आणि आमच्याकडचे असे बदल कमी झाले. आताच्या गाड्यांत तर संगणक असतो, लेथवरच्या प्लेटीने भागत नाही.

पाटल्या पुढच्या वर्षी सुटल्या. जीप विकली, पण पेट्रोलचे इंजिन आबांनी विकले नाही. ज्यांना त्याचा व्यास पट्टीने मोजायचा असेल त्यांनी रविवारी आमच्या गोठ्यात यावे. सध्या मात्र त्याच्याखाली कोंबडी रवणीला बसली आहे, तेव्हा लांबूनच पहावे लागेल.