पदार्थाचा प्रहर

महाकाळाचे दर्शन, ओंकारेश्वराचे नर्मदास्नान आणि महेश्वरचा घाट एवढी पुण्याई शनिवार-रविवारास जोडून आलेल्या सुटीत पदरात पाडून घ्यावी, असा बेत जे मराठी कुटुंब करते, ते इंदुरास मुक्काम ठेवते तो केवळ गाडीच्या सोयीसाठी, असे घरी कितीही सांगितले जात असले, तरी त्या मुक्कामाची खरी सबब यजमानाच्या खिशातील एका यादीत दडलेली असते. पोहे-जिलबी, कचोरी, खोबऱ्याची पॅटिस, भुट्ट्याचा कीस, गराडू, साबुदाण्याची खिचडी, दहीवडा, मालपुवा, रबडी, शिकंजी अशी ती यादी असते. तिच्यातील निम्मे जिन्नस पूर्वी जाऊन आलेल्या आप्तांनी सांगितलेले आणि उरलेले भाच्याने मोबाईलवरून उतरवून दिलेले. प्रत्येक जिन्नस कोठे मिळतो, कोणत्या चौकात, कोणाच्या शेजारी, याचा तपशील तीत बिनचूक असतो. तो केव्हा खावा, हा रकाना मात्र कोणीही भरून देत नाही. रस्त्यावरील खाण्याविषयी मला जे काही सांगावयाचे आहे, ते बव्हंशी या कोऱ्या रकान्याविषयीच आहे.

बाहेरच्या खाण्याचा प्रश्न निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, गाडीवरचे काहीही खाऊ नये; दुसरा म्हणतो, आम्ही लहानपणापासून खात आलो, आम्हांला काय झाले? दोघांचाही वाद स्वच्छतेभोवती फिरतो. स्वच्छता महत्त्वाची आहेच, आणि तिच्या बाबतीत इंदुरास बोट ठेवावयास फारशी जागा नाही. २०१७ पासून लागोपाठ कित्येक वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहराचा मान या नगरीने राखला असून तेथील छप्पन दुकान या खाऊगल्लीला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने स्वच्छ खाद्यकेंद्र म्हणून प्रशस्तीही दिलेली आहे. परंतु अत्यंत स्वच्छ हातांनी, उत्तम तेलात, नामांकित मसाल्याने सिद्ध केलेला पदार्थसुद्धा पाच-सहा तास कोमट अवस्थेत पडून राहिला, की त्याचा स्वभाव पालटतो, आणि त्या पालटाची वर्दी नाकाला किंवा जिभेला मिळेलच, असा काही नियम नाही.

इंदुरी पोह्यांचेच पाहा. आपल्याकडे पोहे कढईत परतून झाकण ठेवून वाफवले की काम झाले. तेथे मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्याच्या तोंडावर पोह्यांचे पसरट भांडे बसवलेले असते, आणि खालून अखंड येणाऱ्या वाफेने ते पिवळे धमक, मोकळे पोहे लुसलुशीत राहतात. विक्रेता झाऱ्याने त्यांचा एक ढीग कागदाच्या बशीत घेतो, दुसऱ्या हाताने जिरावण मसाला भुरभुरतो, वर मूठभर शेव, चिमूटभर कांदा, डाळिंबाचे चार दाणे, लिंबाची फोड. आणि शेजारच्या कढईतून नुकतीच निथळलेली जिलबी. सकाळी सातपासून कचेरीत जाणारे कारकून, शिकवणीला निघालेली मुले, पहाटफेरी आटोपून आलेले वयस्क गृहस्थ यांची तेथे अशी रीघ असते की भांडे रिते होते, पुन्हा भरते, पुन्हा रिते होते. या वेळी त्या पोह्यांना शिळे होण्यास सवडच नसते. दहा-अकरानंतर गिऱ्हाईक ओसरते, पातेल्याखालची आच कमी केली जाते, आणि मग जे तळाशी उरते ते इंदूरचा मनुष्य खात नाही. ते प्रवाशासाठी उरते.

सराफ्याचा दिनक्रम याच्या अगदी उलट. राजवाड्याच्या पाठीमागच्या या पेठेत दिवसभर सोन्याचांदीचे तराजू हालतात. रात्री आठ-नऊच्या सुमारास दुकानांची दारे उतरतात आणि त्याच दारांपुढच्या ओट्यांवर, पायऱ्यांवर, रस्त्याच्या मध्यावर कढया आणि तवे मांडले जातात. रात्रभर माणसांची वर्दळ राहिली म्हणजे मालाला आपोआप पहारा मिळतो, म्हणून सराफांनीच खाद्यविक्रेत्यांना बसण्याची मुभा दिली, अशी तेथील जुनी समजूत आहे. १८१८ मधील मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास स्थिरावली, माळव्यातील अफूच्या आणि कापसाच्या व्यापाराने सावकारी पेढ्या गबर झाल्या, आणि ज्या गावात रात्री उशिरापर्यंत हिशेबाच्या वह्या उघड्या असतात त्या गावाला रात्री उशिराच भूक लागावी, हे ओघानेच आले. सांगावयाचा मुद्दा असा, की सराफ्यातला माल रात्रीसाठीच सिद्ध होतो, रात्रीच खपतो आणि मध्यरात्र उलटल्यावर आवरला जातो. दहीवड्याच्या एका प्रसिद्ध दुकानी वडा व दही भरलेला द्रोण विक्रेता हवेत उंच उडवतो, न सांडता झेलतो, आणि एकाच चिमटीत धरलेले निरनिराळे मसाले बोटांच्या फटींतून वेगवेगळे सोडून दाखवतो. हे कौतुक पाहण्यास गर्दी जमते. पण मला त्यापेक्षा मौजेचे वाटले ते हे की दह्याचे भांडे डोळ्यांदेखत संपून दुसरे येत होते.

आता आमच्या अण्णांची हकीकत. अण्णा माझे चुलतबंधू, वयाने वडील, आणि खाण्याच्या बाबतीत कोणाची मसलत न घेणारे. आम्ही उतरलो होतो रामबागेत, एका जुन्या स्नेह्यांकडे, ज्यांना सारी गल्ली नाना म्हणते. उज्जैनहून परतताना सायंकाळचे साडेचार झाले होते. बस थांबली तेथे समोरच एक हातगाडी दिसली. पोह्यांचे भांडे होते, पाणी मात्र उकळत नव्हते. नाना म्हणाले, "अण्णासाहेब, ही काय पोह्यांची वेळ आहे? उद्या सकाळी मी नेतो ना तुम्हांला." अण्णांनी उत्तर दिले, "नाना, उद्या सकाळी सहाला महेश्वरची गाडी आहे. पोहे खाल्ल्यावाचून इंदूर सोडले तर घरी तोंड दाखवता येणार नाही." आणि त्यांनी एक बशी संपवून दुसरी मागवली. पोहे ऊन नव्हते, एवढेच मला आठवते. चवीत खोट काढण्याजोगे काही नव्हते, असे खुद्द अण्णाही पुढे सांगत.

रात्री नऊ वाजता आम्ही सराफ्यात शिरलो. पहिला मान गराडूचा. हा कंद थंडीच्या दिवसांत येतो. फोडी एकदा तळून ठेवतात आणि गिऱ्हाईक आले की दुसऱ्यांदा कढईत सोडून कुरकुरीत करतात, वर लिंबू आणि जिरावण. अण्णांच्या हातात द्रोण आला, त्यांनी दोन फोडी तोंडात टाकल्या, आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. पुढील पाऊण तास काय झाले याचे वर्णन करण्याचे कारण नाही. नानांच्या ओळखीच्या डॉक्टरांनी रात्री येऊन तपासले, दिवसभरात काय काय खाल्ले आणि किती वाजता, हे दोनदा विचारले, आणि बोट पोह्यांवर ठेवले. महेश्वर तेथून सुमारे ९० किलोमीटर. ते अण्णांना त्या खेपेस दिसले नाही, आणि त्यांच्यापायी आम्हांलाही नाही. गंमत पुढची आहे. घरी परतल्यावर साऱ्या आप्तवर्गात बोलबाला झाला तो, अण्णांना सराफ्यातले बाधले, असा. जेथे त्यांनी जेमतेम दोन फोडी, त्याही कढईतून थेट निघालेल्या, खाल्ल्या त्या पेठेच्या माथी हा कलंक बसला. हातगाडीचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून ती निर्दोष सुटली.

डॉक्टरांनी वेळ का विचारली, हे समजून घेणे प्रत्येक प्रवाशाच्या फायद्याचे आहे. शिजवलेला भात, पोहे, बटाटा यांसारखे पिष्टमय अन्न कोमट राहिले की त्यात काही जीवाणू झपाट्याने वाढतात. साधारणतः ५ ते ६० अंश सेल्सियस हा त्यांच्या सुखाचा पट्टा. त्यांतील काही अन्नात विष सोडतात, आणि ते विष असे चिवट असते की पदार्थ पुन्हा गरम केल्याने जीवाणू मेले तरी विष मागे उरते. असले विष पोटात गेले म्हणजे एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. साडेचार आणि नऊ यांचा हिशेब तंतोतंत जुळतो. नऊ वाजता खाल्लेल्या गराडूने नऊ वाजताच उलटी होणे मात्र दुर्घट. उलटपक्षी दूषित पाण्यातून येणारे जुलाब पुष्कळदा एक-दोन दिवस उलटल्यावर गाठतात, तेव्हा शेवटचा घास नेहमीच आरोपी धरू नये.

म्हणून माझे सांगणे असे की मुक्काम अल्प असेल तर यादीची फेरमांडणी पदार्थांच्या आवडीनुसार न करता प्रहरांनुसार करावी. पोहे-जिलबी सकाळी, नऊच्या आत. दाल-बाफले दुपारी, आणि तेही पोटभर एकदाच, कारण उकडून मग भाजलेल्या व तुपात बुडवलेल्या त्या गोळ्यांवर रात्रीचा सराफा चढवणे हे धाडस आहे. कचोरी घाणा निघत असताना घ्यावी. दुपारी तीन ते सहा ही वेळ मी सर्वांत घातक मानतो: सकाळचा माल सरलेला नसतो, रात्रीचा आलेला नसतो, आणि प्रवासी मात्र नेमका याच वेळी कोठून तरी थकून, भुकेजून उतरतो. या वेळी केळी खावीत, समोर उकळलेला चहा घ्यावा, भाजके चणे-फुटाणे चघळावेत. यजमान जर म्हणत असतील की ही त्या पदार्थाची वेळ नव्हे, तर त्यांचा शब्द प्रमाण मानावा; गावकऱ्याला कारणमीमांसा सांगता येत नाही, पण गाव केव्हा काय खातो हे त्याला चुकत नाही.

वेळ साधल्यावरही काही तारतम्य उरतेच. सराफ्यात गराडू परक्या मनुष्यास सर्वांत निर्धोक, कारण त्याची दुसरी तळणी आपल्यासमोर होते. भुट्ट्याचा कीस मोठ्या तव्यावर दुधात-तुपात शिजत पसरलेला असतो. त्यातून वाफ निघत असेल तर खुशाल घ्यावा, कडेला सारून थंडावलेला असेल तर पुढे चालावे. साबुदाण्याची खिचडी वाफेवर राखतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकासाठी मसाला निराळा कालवतात. येथे कालवणारा हात आणि पैसे घेणारा हात एकच आहे की काय, एवढे पाहून घ्यावे. हिरव्या चटणीविषयी मी अधिक कडक आहे. ती शिजत नाही, तीत पाणी कोणते पडले हे दिसत नाही, आणि बादलीतून वाटीत व वाटीतून बादलीत तिचा प्रवास चालू असतो. लिंबू आणि जिरावण यांवर भागत असेल तर चटणीचा आग्रह धरू नये. बर्फाने जंतू मरतात हा समज निराधार आहे, ते केवळ स्वस्थ बसून राहतात. इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत नव्हे, दुधाची दाट, सुक्या मेव्याची गोष्ट आहे, तेव्हा ती खप मोठा असलेल्या दुकानीच, शीतपेटीतून काढलेली घ्यावी. आणि चौघांनी मिळून एक द्रोण, हा दस्तुर पाळावा. सराफ्यात पुरुषार्थ दाखवण्यासाठी एकट्याने जलेबा, म्हणजे अवाढव्य जिलबी, संपवणारे वीर मी पाहिले आहेत, त्यांची मालपुव्यापर्यंत मजल जात नाही.

भित्र्या मंडळींसाठीही दोन शब्द. जे लोक गाडीवरचे काही नको म्हणून विश्रामगृहाच्या न्याहारीवर विसंबतात, त्यांनी त्या चकचकीत झाकणाखालच्या उपम्याला एकदा हात लावून पाहावा. मंद ज्योतीवर तीन तास कोमट राहिलेला तो उपमा आणि अण्णांची ती हातगाडी यांत फरक फक्त पांढऱ्या टोपीचा आहे. रस्त्यावर निदान आच दिसते, हात दिसतात, शेजारी कोण खातो आहे तेही दिसते.

इतके करूनही पोट बिघडलेच, तर पहिला इलाज पाणी व मीठ-साखर. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसे पटापट दगावत असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यावयाची औषधे संपत आलेली पाहून मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे देण्याचा उपाय मोठ्या प्रमाणावर योजला आणि असंख्य जीव वाचवले. त्याच उपायाची पुडी आज कोणत्याही औषधविक्रेत्याकडे मिळते. पुडी नसेल तर एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट घ्यावे. एका दमात प्याल्यास ते परत येते. शौचातून रक्त, भरपूर ताप, लघवी होईनाशी होणे किंवा पाणीसुद्धा न ठरणे यांपैकी काहीही दिसले, तर घरगुती उपचार थांबवून डॉक्टरांस बोलवावे, आणि रुग्ण मूल किंवा वृद्ध असेल तर इतकेही थांबू नये. पुड्या पिशवीत निघतानाच घालाव्यात, आणि रात्री अकरानंतर जवळचे कोणते औषधाचे दुकान उघडे असते याची चौकशी यजमानांकडे सराफ्यास निघण्यापूर्वी करून ठेवावी.