रीम्सचे न दिसणारे छप्पर

गॉथिक चर्चचे चित्र पाहताना आपली नजर कमानींवर आणि रंगीत काचांवर खिळते. दगडी छताच्या वर आणखी एक उतरते छप्पर असते, हे आपल्या ध्यानीही येत नाही. फ्रान्समधील रीम्सच्या कॅथीड्रलविषयी मी वाचू लागलो, तेव्हा मात्र सारा प्रश्न त्या न दिसणाऱ्या छपरापाशीच येऊन थांबला.

आधीचे चर्च १२१० साली जळाले, म्हणून १२११ मध्ये हे बांधावयास घेतले. फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक येथेच होत. पहिल्या महायुद्धात, १९ सप्टेंबर १९१४ रोजी, जर्मन तोफगोळ्यांमुळे उत्तर मनोऱ्याभोवतीची लाकडी परांची पेटली आणि आग छपराच्या तुळयांना भिडली. वरचे शिशाचे पत्रे वितळून पावसाचे पाणी बाहेर टाकणाऱ्या दगडी पशुमुखांतून वाहू लागले. तोंडात शिसे गोठलेली अशी मुखे आजही तेथे जपून ठेवली आहेत. आत जखमी जर्मन सैनिकांसाठी पेंढा पसरलेला होता, तोही पेटला. दर्शनी भागावरील प्रसिद्ध हसऱ्या देवदूताचे शिर खाली पडून फुटले.

युद्धानंतर जीर्णोद्धाराचे काम वास्तुविशारद हेन्री दनो यांच्याकडे आले. ते मूळचे रीम्सचेच. त्यांनी लाकूड सोडून चक्क आर. सी. सी. वापरले! हे वाचून मी प्रथम नाराज झालो. पण त्यांची रीत पाहा: काँक्रीटचे लहान लहान तुकडे आधीच ओतून घ्यायचे, ते वर चढवायचे आणि ओकच्या पाचरींनी जोडायचे. आखूड फळ्या जोडून मोठे छप्पर उभारण्याची युक्ती सोळाव्या शतकातील फिलिबेर द लॉर्म याची; दनोंनी ती काँक्रीटला लावली. असे छप्पर पेटत नाही. अमेरिकेतील रॉकफेलर यांनी पैसा दिला, आणि १९३८ मध्ये कॅथीड्रल पूर्णपणे खुले झाले. देवदूताचे शिर मात्र जुन्या साच्यावरील प्रतिकृती पाहून जसेच्या तसे जुळविले व १९२६ मध्ये बसविले. म्हणजे दिसणारे होते तसे ठेवले, न दिसणारे बदलले.

पॅरिसच्या नोत्र दामने याउलट केले. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत तेथील छप्पर व शिखर गेले. दोन्ही पुन्हा ओकचेच केले. सुतारांनी कुऱ्हाडीने तुळया तासल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च उघडले. जे कोणी वर जाऊन पाहणार नाही, तेही जुन्याच हातांच्या रीतीने!

माझे मत अजून दनोंच्याच बाजूचे आहे. पण त्या सुतारांविषयी वाचल्यापासून ते पूर्वीइतके ठाम राहिलेले नाही.